उघडी बाजू

टोच्या मुठीपर्यंत लाकडात गेला.

धाकट्याने जोर लावलाच नव्हता. दोन बोटांत पेन धरावं तसा त्याने तो धरला होता. चर्चच्या भिंतीखालून जाणाऱ्या आडव्या तुळईवर, दारापासून हातभर डावीकडे, चकचकीत हिरव्या रंगावर त्याने टोक टेकवलं आणि लाकडाने काही हरकतच घेतली नाही. बाहेर ओढलं तेव्हा लोखंडाला ओलसर तपकिरी भुगा चिकटून आला, गाळणीत उरलेल्या चोथ्यासारखा.

"इथे गेली," तो म्हणाला. दोन पावलं सरकला, पुन्हा टोक टेकवलं. "इथेही गेली. ताई, बघतेस ना तू?"

थोरली बघत होती. बाहेरून इतकं धडधाकट दिसणारं काही आतून असं कसं असू शकतं, एवढंच तिला उमगत नव्हतं. याच तुळईला गेल्या वर्षी तिने स्वतःच्या हाताने रंग दिला होता. त्याच्या आदल्या वर्षीही. बाबा गेले त्या वर्षापासून एकही वर्ष चुकलं नव्हतं. अठ्ठावीस वर्षं, अठ्ठावीस हात. गुडघ्याखाली पोतं दुमडून घ्यायचं, दारापाशी सुरुवात करायची आणि सरकत सरकत पूर्ण फेरी मारून दारापाशी परत यायचं. दोन दिवसांचं काम. दाराच्या उजव्या अंगाला बाबांनी तुळईत एक चंद्रकोर कोरलेली होती, पोटात टिंब असलेली. तिच्यासाठी थोरली बारीक ब्रश वेगळा राखून ठेवायची. हिरव्यावर पांढरी चंद्रकोर. सगळं काम झालं की शेवटी ती भरायची, लहान मुलाला तीट लावावी तशी.

"वरचा रंग तेवढा राहिलाय," धाकटा टोच्या रुमालाला पुसत म्हणाला. तो शहरात इमारत खात्यात इंजिनिअर होता आणि वाईट बातमी सांगायचा त्याचा आवाज ऑफिसातला होता. "रंगाने भिंत उभी राहत नाही."

मधला लांब झाडाखाली हाताची घडी घालून उभा होता. बाबांचं सुतारकाम त्यानेच पुढे चालवलेलं. त्यामुळे टोच्या खरं तर त्याच्या हातात असायला हवा होता. पण त्याला कुणी बोलावलं नव्हतं आणि तो आपण होऊन पुढे येणाऱ्यातला नव्हता. त्याची नजर तुळईवर नव्हतीच. ती थोरलीच्या चेहऱ्यावर होती.

"आत बसू या का?" फादर म्हणाले. पोरगेलेसे होते, पाच चर्च सांभाळायची म्हणून मोटरसायकलवरून सतत धावणारे; बुटांना नेहमी कुठल्या तरी दुसऱ्याच गावचा चिखल. "मला बिशपांचं पत्र वाचून दाखवायचंय."

थोरलीने कमरेची किल्ली काढली. दार उघडंच होतं, सकाळी सातलाच तिने ते उघडलं होतं. तरी ती हातात घेतल्याशिवाय तिला उंबरा ओलांडवला नाही.

*

आत जेमतेम चाळीस माणसांची जागा. पणजोबांनी लाकूडतोड्यांसाठी बांधलेलं हे देऊळ. लाकूडतोडे गेले, जंगल परत वाढलं, आता दहा पावलांवर येईपर्यंत भिंतही दिसत नाही. खिडक्यांतून येणारा उजेडसुद्धा पानांतून गाळून आलेला, हिरवट. वेदीपाशी थोरलीचा दिवा जळत होता. तळहाताएवढा, पितळी. एक्केचाळीस वर्षं रोज सकाळी सात वाजता तो तिथे पेटत आला होता. धाकटा सहा वर्षांचा असताना तापाने फणफणला, डॉक्टरांनी हात टेकले, आणि बावीस वर्षांच्या थोरलीने इथे येऊन नवस केला: हा वाचू दे, मी जिवंत असेपर्यंत रोज दिवा लावीन. तो वाचला. तिने शब्द पाळला. शब्द पाळण्याच्या नादात तिचं लग्न राहिलं, आणि तालुक्याच्या शाळेत मिळत असलेली मुख्याध्यापिकेची जागाही राहिली. याबद्दल ती कधी बोलत नसे. म्हणूनच सगळ्यांना ते सतत ऐकू येत असे.

आत्याला पहिल्या बाकावर बसवलं. पंच्याऐंशी वर्षांची, बाबांची मागे उरलेली एकुलती बहीण. तिला ऐकायला कमी येतं, असं घरात मानायची पद्धत होती.

"अरे फादर, मोठ्याने वाच रे बाळा," ती म्हणाली. "आणि ते 'आदरणीय' वगैरे गाळ. मरायला टेकलेय मी."

फादर हसले आणि खरंच गाळलं. पत्रात तीनच गोष्टी होत्या. चर्च धोकादायक झालंय. कुटुंबातल्या कुणी लाकूडकामाच्या जाणकाराने लेखी जबाबदारी घेतली, तर दुरुस्तीसाठी आणि पुढेही ते कुटुंबाकडे राहील. जबाबदारी ज्याची, किल्ली त्याच्याकडे. कुणीच पुढे आलं नाही, तर महिनाअखेर दाराला फळ्या ठोकायच्या आणि घंटा शहरातल्या चर्चमध्ये न्यायची.

"एवढंच ना," थोरली म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला होता. रात्रभर तिने हेच मनात मांडून ठेवलेलं. ती धाकट्याकडे वळली. "तू सही कर. इंजिनिअर आहेस, तुझी सही चालेल. रोजचं बघायला मी आहेच. किल्ली काय, नावाला तुझी. इथे तुला कुणी बोलावणार नाही."

धाकट्याने चष्मा काढला. चष्म्याशिवाय तो अजूनही सहा वर्षांचा दिसायचा. निदान तिला तरी.

"मी सही करणार नाही, ताई."

"वेळ नाही म्हणतोस? अरे पण सही तर—"

"वेळेचं नाही. मला हे बंद व्हायला हवंय."

बाहेर कुठेतरी फांदीवरून फांदीवर काहीतरी उडी मारून गेलं. आत्याने मान वर केली. म्हणजे ऐकू येत होतं.

"काय म्हणालास?"

"बंद व्हायला हवंय." त्याचा ऑफिसातला आवाज गेला होता. "दर वाढदिवसाला तुझं पत्र येतं. त्यात एकच ओळ. 'आज दिवा लावताना तुझी आठवण केली.' मला नोकरी लागली, दिव्यामुळे. लग्न झालं, दिव्यामुळे. मुलगी पहिली आली, तेव्हा तू काय म्हणालीस आठवतं? 'बघ, तेल वाया गेलं नाही.' ती पोरगी रडत रडत अभ्यास करत होती गं! एक्केचाळीस वर्षं मी दुसऱ्या कुणाच्या तेलावर जळतोय, ताई. मला एकदा विझून बघायचंय."

"असं बोलू नये," थोरली हळूच म्हणाली. आवाज चढवणं तिला कधी जमलंच नव्हतं. "देवासमोर असं बोलू नये."

"देवासमोर नाही बोलत. तुझ्यासमोर बोलतोय. दोन्हींत फरक आहे, हे मला चाळिशीत कळलं."

"तुझ्यासाठी मी काय काय—"

"तेच! तेच म्हणतोय मी. सांगितलं होतं मी? सहा वर्षांचा होतो. मला विचारून केलास नवस?"

थोरलीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. प्रश्न खोटा नव्हता. तिला भीती वाटत आली होती ती मधल्याची. त्याच्याकडून घाव येईल म्हणून तिने त्या बाजूला पाठ घट्ट करून ठेवली होती, आणि वार या बाजूने आला.

"मी करतो सही."

मधला मागच्या बाकावरून उठला होता. बाकावर बसतानाही तो अंग चोरून बसलेला, परक्याच्या घरी बसावं तसा. बाबांच्या मातीनंतर हे दार त्याने आतून पाहिलं ते फक्त मयतांना.

"तुळई बदलतो. चारी बाजूंची. मागची भिंत टेकू देऊन उचलावी लागेल. दोन महिने लागतील." तो फादरांशी बोलत होता, थोरलीशी नाही. "लाकूड माझ्याकडे आहे. सात वर्षं वाळत घातलेलं."

"सात वर्षं?" धाकट्याने चमकून विचारलं. "कशासाठी घातलं होतंस?"

मधल्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. "अटी दोन. किल्ली माझ्याकडे. आणि मी सांगेन ते सगळ्यांनी ऐकायचं."

"सगळ्यांनी म्हणजे मी," थोरली म्हणाली.

"सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी."

"बाबांनी किल्ली मला दिली. तुझ्यादेखत दिली. त्या दिवसापासून तू इथे फिरकला नाहीस. बाकाचा पाय मोडला, मी गावातून माणूस आणला. कौलं सरकली, मी शिडीवर चढले, बाई माणूस. सख्खा भाऊ सुतार असून! आणि आता आयती—"

"फिरकले नाहीत?"

ही वहिनी, मधल्याची बायको. आत्तापर्यंत ती आत्याला वारा घालत गप्प बसली होती. गप्प बसण्यात या घरात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. थोरली तिला मनात 'मुकी बाहुली' म्हणायची. एकदा बोलूनही दाखवलं होतं.

"फिरकले नाहीत म्हणता, ताई? दर वर्षी येऊन जायचे. तुमचा रंग वाळला की दुसऱ्या दिवशी. तुम्ही घरी गेलात की. भिंतीभोवती फिरायचे, कान लावून लाकूड वाजवून बघायचे, आणि घरी येऊन जेवायचे नाहीत. 'आणखी एक हात दिला,' म्हणायचे. 'आणखी पाच वर्षं गेली.' सात वर्षांपूर्वी म्हणाले, आता लाकूड आणून ठेवायला हवं. तेव्हा आणलंय ते."

"तू गप्प बस," मधला म्हणाला.

"बसले की. अठ्ठावीस वर्षं बसले."

आत्याने पंखा स्वतःच्या हातात घेतला.

थोरली आधी वहिनीकडे बघत राहिली, मग भावाकडे. शब्द एकेक करून पोचत होते, लांबून चालत आल्यासारखे. "आणखी पाच वर्षं गेली म्हणजे? रंगाने?"

शेवटी धाकट्यानेच सांगितलं, आणि या वेळी त्याचा आवाज मऊ होता, जो तिला जास्त लागला. "दगडाच्या जोत्यावर लाकूड बसतं ना, ताई. दगडातून ओल वर चढते. लाकूड ती पितं आणि बाहेरच्या अंगाने सोडून देतं. बाहेरून तेलाचा रंग दिला की ओल आतच राहते. वरून काही दिसत नाही. जितके हात जास्त, तितकं..." त्याने वाक्य सोडून दिलं.

"मी तर जपायला देत होते," थोरली म्हणाली.

"हो."

"चांगल्यातला चांगला रंग आणायचे."

"तेच ना. साधा असता तर उडून तरी गेला असता."

ती उठली. बाकांच्या मधून चालत मधल्यासमोर जाऊन उभी राहिली. तो तिच्यापेक्षा हातभर उंच. तिला मान वर करावी लागली.

"तुला माहीत होतं."

"बाबांनी लिहून ठेवलं होतं तिथे."

"कुठे?"

"दाराशी. ज्यावर तू पांढरा रंग भरतेस."

"ती चंद्रकोर?"

मधला हसला. ते हसू पाहून फादर उठले, "मी जरा बाहेर थांबतो," म्हणाले आणि जाता जाता बाकाला धडकले.

"चंद्रकोर नाही ती. खूण आहे. आपल्या घराण्यातली, सुतारांची. अर्धा गोल आणि आत टिंब. 'ही बाजू उघडी ठेवा, हिला श्वास घेऊ द्या.' पणजोबांपासून चालत आलीय. अशा एकवीस खुणा आहेत. त्या लाकडावर बाबांनी सगळ्यात मोठी कोरली, आंधळ्याला दिसावी एवढी. आणि तू तिला रंगवलीस. दर वर्षी. वेगळ्या ब्रशने."

थोरलीला एकदम बाबांची पाठ आठवली. रुंद, घामाने चिकटलेल्या सदऱ्याची. याच दाराशी ते उकिडवे बसलेले, हातात पटाशी, आणि ती बाजूला काय काय घेऊन उभी. ते कोरायला लागायच्या आधी म्हणायचे, "जा गं, पाणी घेऊन ये." ती झऱ्यावर जाऊन यायची, तोवर कोरून झालेलं असायचं. तिला वाटायचं बाबांना फार तहान लागते. मधला मात्र तिथेच त्यांच्या गुडघ्याला टेकून बसलेला असायचा. त्याला पाणी आणायला कधी पाठवलं नाही.

"मला कुणी शिकवलं नाही," ती म्हणाली.

"मुलींना शिकवत नाहीत," आत्या म्हणाली. अगदी सहज, खिडकीकडे बघत. "मलाही नाही शिकवल्या. मी एकदा चोरून तीन शिकले होते. भावाने कान पिळला. तुझ्याच बापाने." मग मधल्याकडे वळली. "तुला दोन मुली ना रे? त्यांना शिकवल्यास?"

मधल्याने मान हलवली, नाही.

"म्हणजे तुझ्याबरोबर मातीत जाणार. छान. शहाणं घराणं आपलं. किल्ली एकीला, खुणा एकाला, आणि दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही."

"बोलायचं नव्हतं मला?" मधल्याचा आवाज आता चढला, आणि लाकडी छपराखाली तो दुप्पट झाला. "अठरा वर्षं बाबांच्या हाताखाली राबलो मी. हे बघ बोट, याच तुळईखाली चेंगरलं. मरताना त्यांनी किल्ली कुणाला दिली? जी रोज काडी ओढून दिवा लावते तिला! का, तर ती भक्तिवान. मी काय इथे झोपा काढत होतो? मी म्हटलं, ठीक. किल्लीवाल्यांना सांभाळू दे. किल्लीवाल्यांना कळत असेल. त्यांना नसेल कळत, तर येतील विचारायला. एकदा. एकदा जरी येऊन म्हणाली असतीस, 'बघ रे, हे बरोबर करतेय ना मी?'"

"आणि तू एकदा जरी म्हणाला असतास, 'ताई, थांब'?"

"हो," तो म्हणाला. आणि खाली बसला. "म्हणालो असतो तर."

थोरलीच्या मनात आलं की आता आपण रडू. पण रडू आलं नाही. आलं ते काहीतरी सत्त्व गेलेलं, टोच्याला चिकटलेल्या भुग्यासारखं. धाकट्याने तिला पाप केलं म्हणून सांगितलं असतं तर ती गुडघे टेकून मोकळी झाली असती. तिने पाप केलं नव्हतं. तिने प्रेम केलं होतं, चांगल्यातल्या चांगल्या रंगाचं, आणि एका माणसाने ते झाडामागून बघितलं होतं, आकडे मोजत.

"दिव्याचं काय?" तिने विचारलं.

"काय दिव्याचं?"

"किल्ली तुझ्याकडे. मग मी रोज सकाळी..."

"काम चालू असताना आत काही जळतं नको," मधला म्हणाला. मग थोडा थांबून, "भुसा असतो. रंध्याची सालपटं असतात. ठिणगी उडाली तर सगळंच जाईल. उगीच नाही म्हणत."

उगीच नव्हता म्हणत. सुताराची मुलगी असून एवढं तिलाही कळत होतं. त्याच्या आवाजात सुडाचा लवलेश नव्हता आणि तिला तो असता तर बरं वाटलं असतं.

"ताई, नको देऊ," धाकटा पटकन म्हणाला. आता तो तिच्या बाजूला येऊन उभा होता, कसा आणि का, ते त्यालाही कळलं नसावं. "बंद होऊ दे. दारावर फळ्या ठोकल्या तरी बाहेर पायरीवर तू दिवा लावू शकशील. तुझा नवस मोडणार नाही. याला किल्ली दिलीस तर उद्यापासून मोडेल."

"मघाशी तर विझायचं होतं तुला."

"मला विझायचंय. तुला विझलेलं बघायचं नाहीये."

थोरलीने त्याच्या गालाला हात लावला. वर्षांनुवर्षं तिने त्याला पत्रातून आठवण पाठवली होती. हात लावून किती काळ झाला होता, तिला सांगता आलं नसतं. गाल खरखरीत होता, पन्नाशीला आलेल्या पुरुषाचा.

मग ती वेदीपाशी गेली. दिवा उचलला. वातीवर फुंकर मारली नाही, दोन बोटांनी दाबली. चटका बसला तेवढाच. कमरेची किल्ली काढली, आणि मधल्याच्या हातात न देता बाकावर त्याच्या शेजारी ठेवली.

"देऊळ उभं राहू दे," ती म्हणाली. "नवसाचं मी बघेन."

वहिनीने डोळ्याला पदर लावला. थोरलीने तिच्याकडे पाहिलं, आणि त्या मुक्या बाहुलीचा आयुष्यात पहिल्यांदा तिला हेवा वाटला. हिने निदान एकदा तोंड उघडलं होतं.

*

सोमवारी सात वाजता थोरलीचे पाय आपोआप पायवाटेला लागले. दिवा तिने घरीच ठेवला होता. तेल परत बाटलीत ओतून ठेवायला बराच वेळ लागला; पितळेच्या कडेवरून ते ओघळतं, आणि हे काम तिने आधी कधी केलेलं नव्हतं.

मधला आधीच आला होता. दार सताड उघडं, आत बाक एकावर एक रचलेले, मागच्या भिंतीला टेकू. तिला बघून त्याने मान हलवली. 'ये' म्हणाला नाही, 'जा' म्हणाला नाही. पायरीवर एक पातळ पत्रा ठेवलेला होता, कडा घासून धार काढलेला, मुठीला कापड गुंडाळलेलं. त्याने तिला विचारलं नव्हतं, पण मूठ बाईच्या हाताला बसेल एवढीच होती.

"खरवडायला," तो म्हणाला. "दाराची उजवी बाजू चांगली आहे थोडी. ती वाचते का बघतो. रंग निघाला तर."

तिने पोतं दुमडलं, गुडघ्याखाली घेतलं आणि बसली.

रंग सालीसारखा निघत होता. वरचा हिरवा, त्याखाली थोडा फिकट हिरवा, त्याखाली करडा. करडा कुठल्या वर्षीचा, तिला बरोबर आठवलं: आई अंथरुणाला खिळली होती आणि दुकानात दुसरा मिळाला नव्हता. त्याखाली पुन्हा हिरवा. प्रत्येक थराखाली ती स्वतः होती, एकेक वर्षाने तरुण, एकेक वर्षाने जास्त खात्री असलेली. दुपारपर्यंत तिच्या बाजूला घोट्याएवढा ढीग झाला होता नुसत्या पापुद्र्यांचा. मधला आत करवत चालवत होता. दोघांत मिळून चार वाक्यं झाली असतील, चारही लाकडाबद्दल.

अशी तीन आठवडे ती येत राहिली. रोज सात वाजता. दिव्याऐवजी पत्रा.

दाराची बाजू वाचली नाही. खूण तिने शेवटी मोकळी केली होती, नखाने आणि केसांतल्या पिनेने, टिंबातला पांढरा रंगसुद्धा काढला होता. पण खुणेमागे लाकूडच उरलं नव्हतं. तो तुकडा मधल्याने कापून बाजूला ठेवला. जुनं लाकूड तो जाळायला नेत असे. हा त्याने नेला नाही.

नवी तुळई बसली त्या दिवशी ऊन चांगलं होतं. सात वर्षं वाळलेलं लाकूड, मधासारखं पिवळं, रंगाशिवाय. थोरली शेजारी उभी होती. तिने हात लावला नाही. मधल्याने सगळीकडे सांधे दाबून पाहिले, मग दाराच्या उजव्या अंगाला उकिडवा बसला, खिशातून पटाशी काढली आणि पेन्सिलीने अर्धा गोल आखला.

"सांग ना," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला लहान वाटला. "बाकीच्या वीस. एवढं काय आहे त्यात? आता तर मीच रोज इथे..."

त्याची पटाशी लाकडावर टेकलेली होती. मान खाली होती. तो विचार करत होता हे तिला दिसत होतं. खरंच करत होता. मानेवरची शीर हलली. मग त्याची पाठ हळूहळू वळली, रुंद, घामाने सदरा चिकटलेली, आणि त्या पाठीने दार, तुळई, अर्धा गोल सगळं झाकून टाकलं. त्याला कळलंसुद्धा नसावं.

"ताई," तो म्हणाला, "जरा पाणी आणतेस प्यायला?"

पाण्याचा जग त्याच्या गुडघ्याजवळच होता. सकाळी तिनेच भरून ठेवलेला, काठोकाठ. अजून एक घोटही कमी झाला नव्हता.

थोरलीने वाकून जग उचलला. झाडापाशी गेली, मुळांवर सगळं पाणी ओतून टाकलं, आणि रिकामा जग घेऊन झऱ्याच्या वाटेला लागली. घाई केली नाही. कोरायला किती वेळ लागतो, तेवढं तिला लहानपणापासून माहीत होतं.